आश्रय नाकारल्यानंतरचा मार्ग एजंटाच्या दारातून जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये आश्रयासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला तरी तिथे राहता येते, फक्त दुसरा अर्ज ‘टाकावा’ लागतो आणि त्यासाठी आणखी काही लाख रुपये पाठवावे लागतात, अशी एक समजूत गेल्या दोन-तीन वर्षांत नागपुरात, विशेषतः मुलांना केअर व्हिसावर (वृद्ध-आजाऱ्यांच्या देखभालीच्या कामासाठीच्या व्हिसावर) किंवा वर्षभराच्या मास्टर्ससाठी पाठवलेल्या घरांत, पक्की होत चालली आहे. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती धादांत खोट्यापेक्षा जास्त नुकसान करते. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवणारा वकील आहे. ब्रिटनच्या स्थलांतर कायद्यात सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, तसा माझा दावाही नाही. परंतु पालक मंडळी मोबाईलवर आलेली इंग्रजी पत्रे घेऊन येतात, ती त्यांना वाचून आणि समजावून द्यावी लागतात, आणि हे करता करता जे ध्यानात आले ते आपल्या वाचकांपुढे ठेवणे मला गरजेचे वाटते.

अमेरिकेच्या लष्करी विमानाने ५ फेब्रुवारी २०२५ रोजी १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते आणि त्यांतला एक नागपूरचा होता. त्या आठवड्यात ‘डंकी’ची, म्हणजे चोरवाटेने परदेशात शिरण्याची, चर्चा पानठेल्यापासून वकिलांच्या बार रूमपर्यंत सगळीकडे झाली. ब्रिटनला गेलेल्या मुलांची गोष्ट तशी नाही. ती रीतसर व्हिसा घेऊन, आईवडिलांनी विमानतळावर हार घालून निरोप दिल्यावर गेलेली आहेत. अडचण पुढे सुरू होते. ज्या कंपनीच्या नावावर केअर व्हिसा मिळाला तिचा परवाना तिथले सरकार रद्द करते, किंवा कंपनी काम देतच नाही, आणि दुसरा प्रायोजक, म्हणजे व्हिसासाठी आपले नाव देणारी दुसरी कंपनी, शोधायला मुलाच्या हातात साधारण ६० दिवस उरतात. केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून कुटुंबीयांना सोबत नेणे बंद झाले आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून अशी नवी भरतीच थांबली, त्यामुळे नवा प्रायोजक मिळणे जवळजवळ अशक्य झाले आहे. नेमक्या या वेळी इथला एजंट फोनवर सांगतो, की असायलम (आश्रयाचा अर्ज) टाका, काम करता येते, वर्षानुवर्षे निकाल लागत नाही.

यातले कामाचे आश्वासन तर सरळसरळ खोटे आहे. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे नोकरी करता येत नाही. अर्जदाराची चूक नसताना निर्णय १२ महिने रखडला तर परवानगी मागता येते, आणि तीही सरकारने ठरवलेल्या यादीतल्या मोजक्या कामांपुरतीच. बेकायदा कामावर ठेवणाऱ्या मालकाला पहिल्याच वेळी माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा तो मालक कसा असेल आणि पगार किती देईल हे सांगायला नको.

आश्रय कशासाठी द्यायचा हे १९५१ च्या निर्वासितविषयक करारात ठरलेले आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटात असणे, यांपैकी एखाद्या कारणावरून मायदेशी छळ होईल अशी साधार भीती असावी लागते. नोकरी गेली, कर्ज डोक्यावर आहे, मालकाने फसवले, ही कारणे त्यात बसत नाहीत. भारतातून गेलेल्या कोणाचीच भीती खरी नसते असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण आंतरजातीय लग्न केलेल्या लेकीजावयाच्या जिवावर उठलेले नातेवाईक आपल्याही राज्यात आहेत. परंतु ज्यांची अशी कोणतीही गोष्ट नाही त्यांच्यासाठी ती तयार केली जाते, आणि खरा अनर्थ तिथून सुरू होतो.

एक प्रकरण जरा तपशिलाने सांगतो, ओळख पटू नये म्हणून त्यातल्या काही बाबी बदलल्या आहेत. पूर्व नागपुरातला, नर्सिंग शिकलेला एक मुलगा. त्याच्या निवेदनात लिहिले होते, की उमरेडकडच्या एका सावकाराने एका पुढाऱ्याच्या जोरावर त्याला जिवे मारण्याची धमकी दिली आहे. असा कोणी सावकार घरच्यांना माहीत नव्हता. नकाराचे पत्र चांगले लांबलचक होते आणि, वकील म्हणून सांगतो, काळजीपूर्वक लिहिलेले होते. कर्जाची रक्कम लेखी निवेदनात एक आणि मुलाखतीत दुसरी; धमकी कधी आली ते सांगता आले नाही; पोलिसांत तक्रार का केली नाही याला उत्तर नाही; आणि इतका धोका होता तर ब्रिटनमध्ये उतरल्यावर दीड वर्ष आश्रय का मागितला नाही, हा प्रश्न. त्यानंतर अधिकाऱ्याने लिहिले होते, की हे सगळे खरे धरले तरी भारतात पोलीस आणि न्यायालये आहेत, आणि तरुण, शिकलेल्या, हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या या माणसाला दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरात, उदाहरणार्थ पुण्यात, जाऊन राहणे कठीण नाही. हा परिच्छेद मी मराठीत सांगितला तेव्हा मुलाचे वडील एवढेच म्हणाले, “साहेब, पुण्याले तं तो आधी नोकरीले होताच.”

भारतीयांच्या अर्जांवर हाच युक्तिवाद पुन्हा पुन्हा दिसतो. एका जिल्ह्यातल्या माणसापासून धोका असेल तर एवढ्या मोठ्या देशात दुसरीकडे राहता येते, हे खोडून काढायला भक्कम पुरावा लागतो. त्यात ज्या देशांतून आलेले दावे सहसा निराधार मानले जातात त्यांच्या ब्रिटनच्या कायद्यातल्या यादीत भारत आधीपासूनच आहे. त्याचा परिणाम असा, की भारतीयाचा दावा फेटाळताना तो ‘स्पष्टपणे निराधार’ असल्याचा शेरा मारणे हा नियमच आहे, आणि असा शेरा बसला की न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्कच राहत नाही. मग उरते ते फक्त न्यायालयीन पुनर्विलोकन, जे खर्चिक असते आणि ज्यात दाव्याच्या खरेखोटेपणापेक्षा निर्णयप्रक्रियेतली चूक दाखवावी लागते. शेरा नसेल तर पहिल्या स्तराच्या न्यायाधिकरणाकडे अपील होते, पण मुदत १४ दिवसांची. वरच्या मुलाने वडिलांना पत्राचे फोटो पाठवले होते, त्यांत शेवटची दोन पाने नव्हती, आणि अपिलाचा हक्क आहे की नाही, असल्यास किती दिवसांत, ते नेमके त्या पानांवर होते. ती पाने मिळेपर्यंत मुदत उलटून गेली होती. उशीर माफ करण्याची विनंती करता येते, पण त्यासाठी कारण पटवून द्यावे लागते, आणि “एजंट म्हणाला, घाई नाही” हे कारण कोणतेही न्यायाधिकरण मानणार नाही.

आता ‘दुसऱ्या अर्जा’कडे येतो. नकार कायम झाल्यावर नवे निवेदन सादर करण्याची सोय ब्रिटनच्या स्थलांतर नियमांत, ३५३ क्रमांकाच्या परिच्छेदात, खरोखरच आहे. अट अशी, की दिलेली माहिती पूर्वी विचारात घेतलेली नसावी आणि आधीच्या सगळ्या कागदांसोबत ठेवून पाहिली असता यश येण्याची वास्तव शक्यता तिच्यातून निर्माण व्हावी. एजंट विकतात ते यातले काहीच नसते. तीच सावकाराची कथा, तिला जोडून सरपंचाचे एक पत्र, आणि आत्याने किंवा मामाने स्टॅम्प पेपरवर केलेले प्रतिज्ञापत्र, की आजही माणसे मुलाला शोधत घरी येतात. अशी प्रतिज्ञापत्रे करून मागायला लोक माझ्याकडेही आले. मी ती केली नाहीत. खोटे प्रतिज्ञापत्र करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे हे एक, आणि तिकडे कागद विश्वासार्ह असल्याचे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते हे दुसरे. ज्याचे मूळ कथन एकदा अविश्वसनीय ठरले आहे त्याच्या बाजूने मामाची सही कितीशी पुरणार?

राहण्याची परवानगी मिळण्याचा जो खरा मार्ग नकारानंतरही उरतो, तो आश्रयाच्या शेजारून गेला तरी त्याचा पाया निराळा आहे. युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाने खासगी आणि कौटुंबिक जीवनाला संरक्षण दिले आहे, आणि त्या आधारावर अर्ज करता येतो. तिथे नागपुरात तुम्हाला काय धोका आहे असे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये तुमचे आयुष्य किती रुजले आहे आणि तिथून काढल्यास कोणाचे काय मोडेल, हे विचारतात. प्रौढ माणसाने सलग २० वर्षे तिथे काढली असतील तर, किंवा त्याहून कमी काढली असली तरी मायदेशी पुन्हा जम बसवण्यात फार मोठे अडथळे असतील तर, परवानगीचा विचार होतो. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या, आईवडील-बहीणभाऊ नागपुरात असलेल्या, मराठी बोलणाऱ्या मुलाला नागपुरात जम बसवायला अडथळा कसला दाखवणार? शिवाय बेकायदा किंवा अनिश्चित वास्तव्याच्या काळात उभ्या केलेल्या खासगी आयुष्याला कमी वजन द्यावे, असे तिथल्या संसदेने २०१४ पासून कायद्यातच लिहून ठेवले आहे. नकारानंतर घाईघाईने ठरवलेल्या लग्नांचेही तेच. जोडीदार ब्रिटिश नागरिक असला तरी नाते खरे आहे एवढे सांगून भागत नाही, दोघांनी भारतात येऊन संसार करण्यात न ओलांडता येणारे अडथळे आहेत हे दाखवावे लागते.

मुलांबद्दलचा गैरसमज तर सर्वांत खोल आहे. “तिथं बाळ झालं की पासपोर्ट मिळतो” हे वाक्य मी शिकलेल्या लोकांकडून ऐकले आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून जन्माला आलेले मूल, आई किंवा वडील नागरिक अथवा कायम वास्तव्याचा हक्क असलेले नसतील तर, जन्माने नागरिक होत नाही. मूल सलग सात वर्षे तिथे राहिले असेल आणि त्याला देश सोडायला लावणे वाजवी नसेल, तर त्या मुलाला आणि त्याच्यामुळे आईवडिलांना परवानगी मिळू शकते, आणि तिथेच जन्मलेले मूल पहिली दहा वर्षे तिथेच वाढले तर त्याची नागरिक म्हणून नोंदणी होऊ शकते. पण सात वर्षे म्हणजे सात वर्षे. पाळण्यातल्या बाळाचा फोटो जोडून काही साधत नाही. आजारपणाच्या आधारावरही अर्ज होतो, मात्र परत पाठवल्यास उपचारांअभावी प्रकृती झपाट्याने आणि कायमची ढासळून तीव्र यातना होतील किंवा आयुष्य बरेच घटेल इथपर्यंतचा पुरावा लागतो, आणि ज्या शहरात सरकारी मेडिकल कॉलेजचे रुग्णालयही आहे आणि एम्सही आहे त्या शहरातल्या माणसाला तो देणे जवळपास अशक्यच.

एवढे करून परवानगी मिळाली तर ती ३० महिन्यांची असते. अर्जाचे शुल्क वेगळे, आणि आरोग्यसेवेचा अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड. अशा परवानग्यांवर दहा वर्षे काढल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पैसे नसल्यास शुल्कमाफी मागता येते, ही गोष्ट मात्र एजंट कधीच सांगत नाहीत. हे सगळे नियम आणखी कडक करण्याची घोषणा तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली आहे, तेव्हा कालच्या नियमावर आज पैसे मोजणे आणखीच धोक्याचे.

वरच्या मुलाकडे सांगण्यासारखी एक खरी गोष्ट होती, आणि ती कोणी सांगितलीच नाही, ही या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्रासाठी त्याच्याकडून बेकायदा लाखो रुपये घेतले गेले होते. तिथे गेल्यावर कंपनीने त्याचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवला, एका खोलीत सहा जणांना ठेवले, ठरलेल्या तासांच्या निम्मेही काम दिले नाही आणि तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करू असे धमकावले. ब्रिटनमध्ये २०१५ चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा आहे, अशा पिळवणुकीला बळी पडलेल्यांची नोंद घेणारी स्वतंत्र यंत्रणा आहे, आणि त्यांतल्या काहींना मर्यादित काळ राहण्याची परवानगीही मिळते. त्याला ती मिळालीच असती असे कोणी सांगू शकणार नाही. पण कंपनीचे संदेश, बँकेतले व्यवहार, सहकाऱ्यांच्या साक्षी हे सगळे त्याच्या हातात होते, आणि आता तो ही हकीकत सांगू लागला की पहिला प्रश्न येतो, की मग सावकाराचे काय? खोट्या कथेने त्याच्या खऱ्या कथेचाही विश्वास घालवला.

म्हणून नकाराचे पत्र आल्यावर पैसे पाठवण्याआधी ते अथपासून इतिपर्यंत वाचून घ्यावे आणि ब्रिटनमधल्या नोंदणीकृत सॉलिसिटरला किंवा तिथल्या इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेल्या सल्लागाराला दाखवावे. तिथे राहून विनानोंदणी असा सल्ला देणे हा गुन्हा आहे. इथे बसून व्हॉट्सॲपवर सल्ला देणाऱ्याला त्या कायद्याचा धाक नाही, आणि म्हणूनच तो इतका छातीठोकपणे बोलतो.

परत येण्याबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे. एक आई मला म्हणाली, “पोराले वापस नका बोलावू वकीलसाहेब, कर्ज फिटाचं आहे अन् लोकं काय म्हणतीन.” तिचे दुःख मला कळते, घरावर बोजा चढवून पाठवलेले पोर रिकाम्या हाताने येणे सोपे नाही. परंतु स्वखर्चाने स्वतःहून परतलेल्यावर ब्रिटनची पुनर्प्रवेशबंदी सर्वसाधारणपणे एक वर्षाची असते, सरकारी खर्चाने परतल्यास दोन किंवा पाच वर्षांची, आणि हुसकावून पाठवल्यास दहा वर्षांची. व्हिसाच्या अर्जात फसवणूक आढळली तरी दहाच. दुसऱ्या देशांच्या व्हिसा अर्जांतही यापूर्वी कुठे नकार मिळाला, कुठून काढले गेले, हे विचारतातच. पासपोर्ट संपला असल्यास भारतीय उच्चायुक्तालय परतीपुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देते. बेकायदा लोकांना परत घेण्याबाबत भारत आणि ब्रिटन यांच्यात मे २०२१ मध्ये करारही झालेला आहे, त्यामुळे “आपलं सरकार परत घेतच नाही” ही कल्पना डोक्यातून काढावी. पंचविशीतल्या मुलाला एक वर्ष आणि दहा वर्षे यांतला फरक फार मोठा असतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. राहण्याच्या परवानगीसाठी वर्षानुवर्षे खेपा घालणे म्हणजे काय हे नागपूरला नवे नाही. जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर दिवस काढत राहिली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले त्यांत नागपूर होते. दुसऱ्या बाजूने, शहरात अनेक वर्षे राहिलेल्या आणि निर्वासित दर्जाचा अर्ज आधीच फेटाळला गेलेल्या एका अफगाण नागरिकाला २०२१ मध्ये पोलिसांनी परत पाठवले. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आश्रयाचा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या परकीय नागरिक कायद्यानेही ती उणीव भरून काढलेली नाही. आपल्या मुलासाठी कारणांसह लेखी निर्णय, अपील आणि नव्या पुराव्याची संधी मागताना आपल्या देशात परक्याला यातले काय मिळते हेही पाहावे, एवढेच म्हणतो.

नागपूर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला माझी विनंती आहे, की अशा कुटुंबांची पत्रे वाचून देण्यासाठी आणि मुदती समजावण्यासाठी आठवड्यातून एक दिवस तरी स्वतंत्र मदत कक्ष चालवावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्न न पाहता मोफत मदतीचा हक्क आहे, आणि या घरांपैकी पुष्कळ घरे त्यात बसतात. पोलीस आयुक्तांना विनंती अशी, की एजंटांविरुद्धच्या तक्रारी ‘दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवू नयेत. पंजाबने २०१२ मध्येच अशा एजंटांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. धरमपेठ-रामदासपेठेतल्या पाट्या पाहिल्या तर महाराष्ट्रालाही त्याची गरज आहे हे पटावे. तक्रार करणाऱ्या पालकांनी मात्र पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि एजंटाचे आवाजी संदेश पुसू नयेत. पैसे १ जुलै २०२४ नंतर दिले असतील तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागेल, त्याआधी दिले असतील तर जुन्या दंड संहितेचे ४२०, आणि दोन्हींत पोलीस पहिल्यांदा हेच कागद मागतील.

आपला विश्वासू,
एक वकील, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)